कुलूप लावा, पण किल्ली घरात ठेवा



या सदरात आपण एरवी बियाणे, खते, फवारणी आणि साठवण यांविषयी बोलतो. आजचा विषयही साठवणीचाच आहे. मात्र धान्याच्या नव्हे, घरच्या कागदपत्रांच्या.

पूर्वी महत्त्वाचे कागद लोखंडी पेटीत, कापडी बस्त्यात बांधून ठेवलेले असत. आता निम्मे कागद फोनमध्ये असतात. सातबारा, फेरफार, पीककर्जाची पावती, पीकविम्याची पोच, गारपिटीनंतर बांधावर उभे राहून काढलेले फोटो, मुलांचे दाखले, आधारकार्ड, बँकेचे पासबुक, सारे त्या हातभर नसलेल्या डबीत. ती डबी मोटारीजवळ पाण्यात पडली की सारे गेले. म्हणून राखीव प्रत, म्हणजे ज्याला बॅकअप म्हणतात ती, काढून ठेवावी असे मी सभांमधून सांगत असतो. पण ती कशी ठेवावी हे सांगताना माझ्याकडून एक चूक झाली. ती आधी सांगतो.

आमच्या ओळखीचे एक शेतकरी होते. मी त्यांना तात्या म्हणत असे. वय साठीच्या पुढे, पण नव्या गोष्टीची भारी हौस. त्यांनी सारे कागद लेकाकडून संगणकात घेतले, वाटणीपत्र, विहिरीच्या पाळ्यांचा करार, हातउसन्या पैशांची वही, सगळ्यांचे फोटो काढले. मग मला म्हणाले, "साहेब, हे पेनड्राइव्हवर ठेवतो, पण कुणाच्या हाती लागले तर?" मी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांना फाइल दाबून तिला पासवर्डचे कुलूप कसे लावायचे ते दाखवले. तात्यांनी ते मन लावून शिकून घेतले.

पुढे दीड वर्षाने तात्या झोपेतच गेले. तेराव्यानंतर काकूंचा फोन आला. पेनड्राइव्ह कपाटात सापडला होता, कुलूपही दिसत होते. पासवर्ड मात्र तात्यांबरोबर गेला होता. आम्ही जनावरांची नावे, नातवांची नावे, जन्मसाले, गट नंबर, सारे घालून पाहिले. तालुक्याच्या दुकानातल्या मुलाने चार दिवस खटपट केली. कुलूप उघडले नाही, ते उघडणारही नाही, कारण ते चांगले होते.

जमिनीचे कागद तलाठी कार्यालयातून आणि दुय्यम निबंधकांकडून पुन्हा मिळाले. हातउसन्याचे पैसे काही आले, काही बुडाले. पण त्याच फाइलीत तात्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. म्हातारीने शेवटच्या वर्षी गायलेल्या, तात्यांनी फोनवर भरून घेतलेल्या. काकूंनी कागदांचे फारसे विचारले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "साहेब, सासूबाईंचा आवाज तरी निघतो का बघा."

तो निघाला नाही. कुलूप लावायला मी शिकवले होते. किल्ली कुठे ठेवायची आणि कशाला कुलूप लावायचेच नाही, हे सांगायचे माझ्याकडून राहून गेले होते. म्हणून आज सगळे नीट क्रमाने सांगतो.

दाबणे वेगळे, कुलूप वेगळे

फाइल दाबणे म्हणजे कॉम्प्रेशन. जिनिंगमध्ये सरकी काढलेली रुई प्रेसमध्ये घातली की ढीगभर रुईची एक गाठ होते. हिशेबाच्या फाइलीत 'मजुरी', 'डिझेल', 'युरिया' हे शब्द शंभरदा येतात. सॉफ्टवेअर तो शब्द एकदा पुरा लिहिते आणि पुढे फक्त मागची खूण देते. त्यामुळे फाइल लहान होते, आणि गाठ सोडली की अक्षरन् अक्षर पूर्वीसारखे मिळते.

पण रुई दबते म्हणून ज्वारीचे पोते दबत नाही. फोनने काढलेला फोटो हा बहुधा जेपेग प्रकारचा असतो आणि तो आधीच दाबून झालेली गाठ असतो. व्हिडिओचेही तसेच. त्यांना पुन्हा दाबून शंभरात चार-दोन भागांचीही बचत होणे कठीण. तेव्हा 'अमुक सॉफ्टवेअर फोटो निम्म्यावर आणते' अशी जाहिरात दिसली तर समजावे की ते फोटोतला बारकावा काढून टाकते. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होतो, तो असाच. नुकसानीचा फोटो पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. मग तो जसाच्या तसा जातो.

कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन. आमच्या घरी आजोबांच्या वेळचे मोडीतले दोन कागद आहेत. कागद हातात आहे, शाई ठळक आहे, पण घरात वाचणारा कोणी नाही. एन्क्रिप्शन फाइलीचे असेच करते. फरक एवढाच की मोडी वाचणारा जाणकार शोधून सापडतो. इथे जाणकार एकच, तो म्हणजे पासवर्ड.

असे कुलूप आपण सर्वांनी एकदा तरी उघडलेले आहे. आधारकार्डाची फाइल उतरवून घेतली की ती पासवर्ड मागते. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मसाल, हा तो पासवर्ड. आता विचार करा, ज्याला आपले नाव आणि वय ठाऊक आहे त्याला हे कुलूप किती वेळ अडवील? कुलूप भक्कम असूनही किल्ली दारातच टांगलेली, असा हा प्रकार आहे.

दाबणे आणि कुलूप लावणे दोन्ही करायचे तर आधी दाबावे, मग कुलूप लावावे. कुलूप लागल्यावर आतली अक्षरे इतकी विस्कटतात की एकही शब्द पुन्हा आलेला दिसत नाही. मग दाबायला काही उरत नाही. चांगले सॉफ्टवेअर हा क्रम आपणहून पाळते.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

विंडोज संगणकात झिप करण्याची सोय आपोआप येते. झिप हा प्रकार 1989 सालापासून चालत आलेला असून तो जवळजवळ सगळीकडे उघडतो. मात्र विंडोजच्या या सोयीने झिपला पासवर्ड लावता येत नाही. नुसते गोळा करून दाबायचे असेल तर ती पुरेशी आहे.

कुलूपही हवे असेल तर सामान्य शेतकरी कुटुंबासाठी मी सेव्हन-झिप सुचवतो. इगोर पावलोव्ह या रशियन प्रोग्रामरने ते 1999 साली लोकांसमोर आणले. ते फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि त्याची आतली मांडणी कोणालाही तपासता येईल अशी उघडी ठेवलेली आहे. त्याच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. त्याचा स्वतःचा फाइलप्रकार 'सेव्हन-झेड' नावाचा असून त्याला एईएस-256 हे कुलूप लागते. बेल्जियमच्या दोन शास्त्रज्ञांनी तयार केलेली ही पद्धत अमेरिकेने 2001 साली सरकारी मानक म्हणून स्वीकारली, आणि आज बँकांपासून फोनपर्यंत सगळीकडे ती वापरली जाते. शिवाय पासवर्ड तपासताना सेव्हन-झिप मुद्दाम पाच लाखांहून अधिक वेळा गणित फिरवते. त्यामुळे चोराला भराभर अंदाज करून पाहता येत नाहीत. पण पासवर्डच 'शेत123' असा असेल तर हे सारे व्यर्थ.

इथे एक खाचखळगा आहे. सेव्हन-झिपमध्ये 'झिप' प्रकार निवडला तर कुलूप म्हणून 'झिपक्रिप्टो' हे जुने नाव आपोआप पुढे येते. ते कमकुवत आहे. ते कसे फोडता येते हे दोन तज्ज्ञांनी 1994 सालीच दाखवून दिले आहे. तेव्हा प्रकार 'सेव्हन-झेड' ठेवावा, किंवा झिपच हवी असेल तर खाली 'एईएस-256' निवडावे.

विनरार बऱ्याच दुकानांतून दिसते. ते चांगले आहे, पण 40 दिवसांच्या चाचणीनंतर विकत घ्यायचे असते. त्याचा एक गुण मानण्यासारखा: फाइलीबरोबर थोडी 'दुरुस्तीची शिदोरी' बांधून देता येते, म्हणजे थोडी खराबी झाली तरी फाइल सावरते. विकत घेणार असाल तर जरूर घ्या. चोरून उतरवलेली आवृत्ती मात्र घरात आणू नका. तिच्याबरोबर काय येईल याचा नेम नाही.

व्हेराक्रिप्ट हे फुकट सॉफ्टवेअर अख्ख्या पेनड्राइव्हला कुलूप लावते. त्याच्या आधीचे ट्रूक्रिप्ट त्याच्या कर्त्यांनी 2014 साली अचानक बंद केले. त्याच मुळावर हे वाढले आहे. काम पक्के आहे, पण फोनवर उघडण्यासाठी त्यांचे स्वतःचे ॲप नाही, आणि शिकायला वेळ लागतो. गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी कागद ठेवणाऱ्यांसाठी क्रिप्टोमेटर बरे. ते प्रत्येक फाइलीला वेगळे कुलूप लावते, म्हणून एक कागद बदलला तर तेवढाच पुन्हा वर चढवावा लागतो. ते दाबण्याचे काम मात्र करत नाही, आणि मोबाइलवर पुऱ्या वापरासाठी पैसे पडतात.

निवडताना माझी कसोटी एकच आहे. 'याचे कुलूप किती भक्कम?' हे विचाराच. पण त्याहून आधी विचारा, 'मी नसताना घरचे माणूस हे उघडू शकेल का?' ज्या सॉफ्टवेअरला या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे येते, तेच आपल्या घराचे.

आधी तीन ढीग करा

बियाणे, खाण्याचे आणि विकायचे धान्य आपण एका कणगीत भरत नाही. कागदांचेही तसेच करावे.

पहिला ढीग पुन्हा मिळणाऱ्या कागदांचा. सातबारा, आठ-अ, फेरफार यांच्या डिजिटल सहीच्या प्रती सरकारी संकेतस्थळावर मिळतात. 2015 साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्येही बरेच दाखले मिळतात. यांची प्रत ठेवा, पण त्यासाठी झोप घालवू नका. नोंदणी झालेल्या खरेदीखताचा वा वाटणीपत्राचा दस्त क्रमांक, तारीख आणि कार्यालयाचे नाव मात्र वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. तेवढ्यावर नक्कल मिळवता येते. आणि लक्षात असू द्या, फोटो म्हणजे मूळ कागद नव्हे. मूळ दस्त पेटीतच हवा.

दुसरा ढीग पुन्हा न मिळणाऱ्या, पण लपवण्यासारखे काही नसलेल्या गोष्टींचा. लग्नातले फोटो, आजीचा आवाज, वडिलांनी लावलेल्या आंब्याखालचा घरच्यांचा फोटो. याला कुलूप लावूच नका. त्याच्या जास्तीत जास्त प्रती करा आणि भावा-बहिणींत वाटून टाका. तात्यांच्या घरच्या ओव्या या ढिगात असत्या तर आज त्यांच्या नातींनी ऐकल्या असत्या.

तिसरा ढीग गुप्त ठेवायच्या कागदांचा. आधार आणि पॅनच्या प्रती, पासबुक, देण्याघेण्याच्या वह्या, दवाखान्याचे कागद, मृत्युपत्राचा मसुदा. कुलूप फक्त याला. हा ढीग लहान असतो, एका साध्या पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतो.

कुलूप लावण्याची रीत

सेव्हन-झिप त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. मिळत्याजुळत्या नावाच्या जागा पुष्कळ असतात, म्हणून पत्ता अक्षर अक्षर तपासा: सेव्हन हा आकडा, मग आडवी रेघ, मग झिप, आणि शेवटी डॉट ओआरजी. नवी आवृत्ती ते आपणहून घेत नाही, तेव्हा वर्षातून एक-दोनदा ती पाहून घेत जा. हे काम घरच्या किंवा विश्वासातल्या संगणकावर करा. दुकानातल्या संगणकावर पासवर्ड टाकणे म्हणजे बाजारात उभे राहून गाठीचे पैसे मोजणे. तिथे आधारची प्रत छापली तर फाइल पुसल्याशिवाय उठू नका.

तिसऱ्या ढिगाचे सर्व कागद एका फोल्डरमध्ये घ्या. फाइलींना स्पष्ट नावे द्या, 'स्कॅन-17' अशी नव्हे. फोल्डरवर उजवी कळ दाबून सेव्हन-झिपमधला फाइल जोडण्याचा पर्याय घ्या. प्रकार 'सेव्हन-झेड' ठेवा. पासवर्ड दोनदा लिहा. फाइलींची नावेही झाकण्यासाठी तिथे एक चौकोन असतो, त्यात खूण करा. नाहीतर आतले वाचता आले नाही तरी 'मृत्युपत्र' हे नाव कोणालाही दिसते. एकच मोठी गाठ करू नका. वर्षावार किंवा विषयवार लहान गाठी करा. गाठीला एका जागी कीड लागली तर आतल्या बऱ्याच फाइली एकदम जाऊ शकतात.

पासवर्ड लांब असावा, अवघड नव्हे. आपसांत संबंध नसलेले पाच-सहा घरगुती शब्द पुरेत. उदाहरणार्थ, तिफण, उखळ, पोळा, रेल्वे, हळद. हेच शब्द घेऊ नका, आपले घ्या. ते छोट्या इंग्रजी अक्षरांत लिहा. मराठी अक्षर प्रत्येक फोनवर एकाच रीतीने उमटेल याचा भरवसा नसतो, आणि एक काना इकडचा तिकडे झाला तरी कुलूप उघडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. तो पासवर्ड कागदावर लिहा, ज्या स्पेलिंगने टाकला त्याच स्पेलिंगने. खाली लिहा: 'ही फाइल सेव्हन-झिपने उघडते. फोनवर उघडायची तर झेडआर्काइव्हर ॲप घ्यावे.' कागद पाकिटात घालून एक पाकीट घरच्या पेटीत ठेवा आणि दुसरे परगावच्या विश्वासू माणसाकडे द्या, सासरी दिलेल्या लेकीकडे असो वा भावाकडे. पाकीट पेनड्राइव्हला बांधून ठेवू नका. पासवर्ड कागदावर लिहू नये असे पुष्कळ जण सांगतात. पण पेटीत हात घालणारा चोर आणि फाइली पळवणारा चोर सहसा एक नसतो. आपल्यासारख्या घरांना चोराहून मोठे भय विसरण्याचे आणि मरणाचे असते.

मूळ फाइली पुसण्याआधी परीक्षा घ्या. बी पेरण्याआधी उगवण पाहतो ना, तशीच. पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावा आणि घरधनिणीच्या किंवा मुलाच्या हाती पाकीट देऊन म्हणा, "उघड." आपण बाजूला बसा, काही सांगू नका. त्यांना उघडता आले, तरच राखीव प्रत तयार झाली असे समजा.

एकूण प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या घरात असावी. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे कपाटात पडला तर त्यातले पुसट होऊ शकते. म्हणून दरवर्षी खंडेनवमीला आपण अवजारे पुसून पूजतो, त्याच दिवशी पेनड्राइव्ह लावून पाहावा, पाकीट उघडून पासवर्ड घालून पाहावा आणि नवे कागद भरावेत. सेव्हन-झिपची उतरवलेली फाइलही त्याच पेनड्राइव्हवर, कुलपाबाहेर, ठेवून द्यावी.

बंधूंनो, आपल्याकडे जमिनीचे आणि देण्याघेण्याचे व्यवहार बहुतेक घरांत कर्त्या पुरुषालाच ठाऊक असतात. तो अचानक गेला की बाई दारोदार विचारत फिरते. त्यात हे नवे कुलूप आपण आपल्याच हाताने भर म्हणून घालू नये.

गेल्या दसऱ्याला मी माझे पाकीट तयार केले आणि घरात माझ्यासमोर ते उघडून पाहायला लावले. पहिल्या खेपेला कुलूप उघडले नाही. माझ्याच हाताने कागदावर एक अक्षर चुकले होते. ते मी बसल्या जागी दुरुस्त केले. माझ्या मागे ते कोणी दुरुस्त केले नसते.

काकूंकडे तो पेनड्राइव्ह अजून आहे. त्यांनी तो देव्हाऱ्याजवळच्या फडताळात, हळदी-कुंकवाच्या डबीशेजारी ठेवला आहे. आज संध्याकाळी जेवणे झाली की आपले पाकीट लिहून टाका.